एका मताचे धनी : डॅनियल पोप कुक

शिकागो महानगर ज्या जिल्ह्यात वसले आहे, त्याचे नाव कुक काउंटी. पन्नास लाखांहून अधिक वस्तीचा हा जिल्हा १८३१ मध्ये स्थापन झाला, तेव्हा ज्यांचे नाव त्याला दिले गेले ते डॅनियल पोप कुक चार वर्षांपूर्वीच निवर्तले होते. मृत्यूसमयी त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. मात्र त्या अल्प आयुष्यात एका नवजात राज्याचे एकमेव खासदार म्हणून त्यांनी जे मत दिले, त्याचा अमेरिकेचा अध्यक्ष ठरविण्यात निर्णायक वाटा होता.

केंटकीत जन्मलेले कुक १८१५ मध्ये वकिली करण्यासाठी इलिनॉय प्रदेशाची राजधानी कॅस्कास्किया येथे आले. तेथील वृत्तपत्राची मालकी व संपादकपद त्यांच्याकडे आले आणि त्याच स्तंभांतून त्यांनी राज्याच्या दर्जाची मागणी लावून धरली. वॉशिंग्टनमध्ये त्यांचे मामा नॅथॅनियल पोप प्रदेशाचे प्रतिनिधी होते. ४० हजार लोकसंख्येची अट ओढूनताणून केलेल्या गणनेने पूर्ण झाली. पोप यांच्या प्रयत्नाने उत्तर सीमा वर सरकली व शिकागोची भूमी इलिनॉयला मिळाली. ३ डिसेंबर १८१८ रोजी इलिनॉय संघराज्यात दाखल झाले.

त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, राज्याची पहिली निवडणूक पार पडली होती. गुप्त मतदान नव्हते. मतदार अधिकाऱ्यासमोर उभा राहून उमेदवाराचे नाव उच्चारीत असे. प्रतिनिधिगृहाच्या एकमेव जागेसाठी कुक उभे राहिले आणि जॉन मॅक्लीन यांच्याकडून अल्पमतांनी पराभूत झाले. मॅक्लीन यांच्या वाट्याला जेमतेम तीन महिन्यांची मुदत आली. त्याच अवधीत मिसुरीत गुलामगिरीवर निर्बंध घालण्याचा प्रश्न सभागृहात आला आणि मॅक्लीन निर्बंधांच्या विरोधात गेले. १८१९ च्या निवडणुकीत कुक यांनी नेमका हाच मुद्दा मतदारांपुढे नेला व विजय मिळविला. पुढे सलग तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या.

त्यांची खरी कसोटी घरच्याच अंगणात लागली. इलिनॉयची घटना बदलून गुलामगिरीला मोकळीक देण्यासाठी घटनापरिषद बोलवावी, असा घाट तेथील प्रबळ गटाने घातला. गव्हर्नर एडवर्ड कोल्स यांच्या बरोबरीने कुक त्याविरुद्ध उभे राहिले. ऑगस्ट १८२४ च्या जनमतात ४,९७२ विरुद्ध ६,६४० मतांनी हा प्रस्ताव फेटाळला गेला.

त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या चौरंगी लढतीत कोणालाही बहुमत मिळाले नाही. घटनेनुसार निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तेथे प्रत्येक राज्याला, मग ते लहान असो वा मोठे, एकच मत होते. इलिनॉयचे मत म्हणजे कुक यांचे मत. राज्याचा कौल स्पष्ट असल्यास तो मानण्याची ग्वाही त्यांनी दिली होती. पण कौलच दुभंगलेला होता. इलिनॉयच्या तीन निर्वाचकांपैकी दोन अँड्र्यू जॅक्सन यांचे होते, तर लोकांच्या मतांत जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स किंचित पुढे होते. कुक यांनी ९ फेब्रुवारी १८२५ रोजी अ‍ॅडम्स यांना मत दिले. २४ पैकी १३ राज्ये हवी होती. अ‍ॅडम्स यांना नेमकी १३ मिळाली.

देशात सर्वाधिक निर्वाचक जॅक्सन यांच्या बाजूने होते. त्यामुळे सीमावर्ती इलिनॉयमध्ये हे मत अनेकांना विश्वासघात वाटले. त्याची किंमत कुक यांना १८२६ मध्ये चुकवावी लागली. जॅक्सनसमर्थक जोसेफ डंकन यांनी त्यांचा पराभव केला. तरीही उरलेली मुदत त्यांनी वाया घालविली नाही. मिशिगन सरोवर आणि इलिनॉय नदी यांना जोडणाऱ्या कालव्यासाठी संघराज्याची जमीन राज्याला देणारा कायदा २ मार्च १८२७ रोजी झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुदत संपली. प्रकृती ढासळली असतानाही अ‍ॅडम्स यांच्या सांगण्यावरून ते क्युबाच्या कामगिरीवर गेले. १६ ऑक्टोबर १८२७ रोजी केंटकीत त्यांचे निधन झाले.

तो कालवा १८४८ मध्ये खुला झाला आणि शिकागोच्या भरभराटीचा पाया ठरला. ज्या मतामुळे कुक यांची जागा गेली, त्याच मताचा लाभ घेऊन जॅक्सन यांनी १८२८ ची मोहीम उभारली व अध्यक्षपद मिळविले. लोकप्रतिनिधीने मतदारांचा कौल वाचावा की स्वतःचा विवेक, या प्रश्नाचे उत्तर कुक यांनी आपल्यापरीने दिले. ते बरोबर होते की नाही, याचा निवाडा मतदारांनी लगेच केला; कालव्याचे फळ मात्र पुढच्या पिढ्यांच्या पदरात पडले.