सॉफ्टवेअरच्या आधी अकाउंटंटच्या हातात मशीनच्या वायरी देणारा माणूस : हर्मन हॉलरिथ

ऑफिसमध्ये ईआरपी किंवा पगाराचं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्यात एक सोय हमखास सापडते. कुठला रकाना दाखवायचा, कुठला लपवायचा, बेरीज कशाची करायची, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. त्यासाठी कंपनीचा इंजिनिअर बोलवावा लागत नाही. ही सोय कॉम्प्युटरबरोबर आली असं आपल्याला वाटतं. पण तिचं मूळ शोधत गेलं की कॉम्प्युटरच्याही आधीच्या एका माणसापाशी येऊन थांबावं लागतं, तो म्हणजे हर्मन हॉलरिथ.

हॉलरिथचा जन्म 29 फेब्रुवारी 1860 चा, अमेरिकेतल्या बफेलो शहरातला. आईवडील जर्मनीहून आलेले. 1879 मध्ये कोलंबियातून खाण इंजिनिअरिंग केलं आणि नोकरी मिळाली ती थेट जनगणना खात्यात. तिथलं चित्र भीषण होतं. कोट्यवधी माणसांची माहिती कारकून हाताने मोजत होते. 1880 च्या जनगणनेचं काम पुरं व्हायला सात-आठ वर्षं गेली. म्हणजे पुढची जनगणना दारात उभी, तरी मागचीच आवरलेली नव्हती.

यावर यंत्र का बनवू नये, हा विचार जॉन शॉ बिलिंग्ज या वरिष्ठांनी त्याच्या डोक्यात घातला. हॉलरिथने मग प्रत्येक माणसामागे एक कार्ड केलं आणि माहितीप्रमाणे त्याला भोकं पाडली. कार्ड यंत्रात दाबलं की जिथे भोक असेल तिथून पिन खालच्या पाऱ्यात बुडायची, वीज वाहायची आणि समोरच्या डायलवर एक आकडा पुढे सरकायचा. 1890 च्या जनगणनेत या यंत्रांनी एकूण लोकसंख्या काही आठवड्यांतच मोजून दिली.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. खरी गंमत पुढे आहे.

जनगणना येते दहा वर्षांतून एकदा. मधल्या काळात यंत्रं चालवायची कुणासाठी? हॉलरिथ गेला रेल्वेकडे. पण रेल्वेला डोकी मोजायची नव्हती, मालाचं वजन आणि भाड्याचे पैसे यांची बेरीज हवी होती. म्हणून त्याने बेरीज करणारं यंत्र बनवलं. कार्डाचीही उभ्या रकान्यांत विभागणी झाली. आता पहिले चार रकाने स्टेशनला द्यायचे की गिऱ्हाइकाच्या नंबराला, हे ज्याचं त्याने ठरवायचं. 1896 मध्ये त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली. मशीन विकायचं नाही, भाड्याने द्यायचं आणि कार्डंही आपल्याकडूनच घ्यायला लावायची, असा त्याचा धंदा. (आजच्या सबस्क्रिप्शनवाल्यांनी नवीन काही शोधलेलं नाही!)

तरी एक अडचण उरलीच. जनगणनेचं यंत्र आतून एकाच कामासाठी जोडलेलं असायचं. प्रश्न बदलला की यंत्र उघडा आणि वायरी बदला. सरकारी खात्याचं यात भागत होतं. पण व्यापाऱ्याला सकाळी विक्रीचा हिशेब हवा असतो, दुपारी गोदामाचा आणि महिनाअखेरीला पगाराचा. दर वेळी मेकॅनिकची वाट कोण बघत बसणार?

यावर हॉलरिथने 1906 च्या टॅब्युलेटरमध्ये उपाय काढला, तो म्हणजे प्लगबोर्ड. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर जशी या भोकातली वायर त्या भोकात खोचायची, तसाच प्रकार. कार्डावरच्या अमुक रकान्यातला आकडा तमुक बेरजेच्या चाकात जायला हवा? मग तेवढी वायर तिकडे खोचा. यंत्र तेच राहतं, काम बदलतं, आणि ते बदलणारा माणूस ऑफिसातलाच असतो. 1920 च्या दशकात तर सुटे काढता येणारे बोर्ड आले. पगाराचा बोर्ड वेगळा, विक्रीचा वेगळा, एकदा जोडून ठेवायचे आणि लागेल तो चढवायचा. आज आपण स्क्रीनवर सेटिंग सेव्ह करतो, ते त्या काळी फळीवर रचून ठेवलेलं असायचं.

गिऱ्हाइकाला एवढी मोकळीक देणारा हॉलरिथ स्वतः मात्र कमालीचा हेकट होता. भाड्याच्या दरावरून जनगणना खात्याशी त्याचं फाटलं. सायमन नॉर्थ या संचालकांनी त्याची यंत्रं बंद केली आणि खात्यातच नवी यंत्रं बनवायला घेतली. त्या कामावर होता जेम्स पॉवर्स. पुढे याच पॉवर्सने स्वतःची कंपनी काढली आणि तो हॉलरिथच्या कंपनीचा मोठा स्पर्धक ठरला. ज्या खात्यामुळे यंत्र जन्माला आलं, तेच हातचं गेलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात महागात पडलेली भांडणं.

1911 मध्ये तब्येत ढासळलेली असताना त्याने कंपनी विकली. ती आणखी काही कंपन्यांत मिसळली, 1914 मध्ये थॉमस वॉटसन तिथे आले आणि 1924 मध्ये नाव बदललं : आयबीएम.

हॉलरिथ काही वर्षं सल्लागार राहिला, पण वॉटसनच्या विक्रीबाज कारभारात तो रमला नाही. शेवटी शेतावर जाऊन त्याने गाई पाळल्या. 17 नोव्हेंबर 1929 रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या कल्पनेतून आलेले प्लगबोर्ड त्यानंतरही कित्येक वर्षं ऑफिसांमध्ये पगार काढत होते.