दप्तराच्या सावलीत वाढलेली ताराबाई

बुलडाणा जिल्हा म्हटला की सिंदखेडराजा आठवतो, जिजाऊ आठवतात. दर १२ जानेवारीला तिथे लोटणारा जनसागर आम्ही अभिमानाने पाहतो. पण याच जिल्ह्यातल्या एका बाईने १८८२ साली सगळ्या पुरुषी व्यवस्थेला जाब विचारला, तिच्या वाट्याला आमच्या भाषणात एखादी ओळ येते, तीही सावित्रीमाई आणि मुक्ता साळवे यांच्यानंतर वेळ उरला तर. त्या ताराबाई शिंदे. आज माहितीच्या अधिकाराचे एकेक दार बंद होऊ लागले असताना त्यांची आठवण काढावी असे आम्हाला वाटले, त्याला कारण आहे.

ताराबाईंचा जन्म १८५० चा. तीनच वर्षांनी निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि बुलडाण्यात साहेबाची कचेरी उभी राहिली. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे याच डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ही साधी गोष्ट नव्हती. त्या काळी गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या बगलेत, कचेरीचे दप्तर भटकारकुनाच्या हातात. कागद लिहिणारा एका जातीचा, खाली अंगठा उठवणारा दुसऱ्या जातीचा. अंगठा कशावर उठवला हे शेतकऱ्याला जप्ती आल्यावर कळायचे. जोतीराव फुल्यांनी कुणब्याच्या दैन्याचे मूळ सावकाराच्या वहीइतकेच या सरकारी कागदात शोधले, ते उगीच नाही. अशा दिवसांत एक मराठा माणूस दप्तराच्या आत बसला होता. बापूजी सत्यशोधक विचारांचे होते. शिकलेल्या एतद्देशीयांना उद्देशून त्यांनी १८७१ साली एक पुस्तकही काढले होते.

गावात मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. चार भावांची ती एकुलती बहीण. लग्न लहानपणीच झाले, पण नवरा घरजावई आला. त्यामुळे सासरचा जाच नाही, डोळ्यासमोर वर्तमानपत्र आणि शेजारी कचेरी, असे त्या काळच्या बाईला दुर्मीळ असलेले आयुष्य ताराबाईंना मिळाले. कायदा, कोर्ट, शिक्षा हे शब्द त्यांच्या ओसरीवरचेच होते.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला शिक्षा झाली. विधवेला मूल झाले, आता जगात तोंड कसे दाखवायचे, या भीतीने तिने त्या बाळाचा जीव घेतला, असा तिच्यावर गुन्हा शाबीत झाला. आधी फाशी, मग अपिलात ती रद्द होऊन जन्मठेप, काळे पाणी. पुण्याच्या सनातनी ‘पुणे वैभव’ने या निमित्ताने समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतले.

इथे आम्हाला वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधायचे आहे. हेच प्रकरण जातीच्या पंचांनी बंद दाराआड मिटवले असते, तर वऱ्हाडातल्या घरात बसलेल्या बाईला ते कधी कळलेच नसते. ते उघड्या कोर्टात चालले, निकाल झाला, अपील झाले, वर्तमानपत्रांत छापून आले. इंग्रज काही आमचा कैवारी नव्हता, पण कोर्टाचे दार उघडे होते. सुरतेच्या कोर्टातला कागद बुलडाण्यापर्यंत पोहोचला, म्हणून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली गेली.

ताराबाईंनी एक कळीचा प्रश्न विचारला. पाप दोघांचे, तर शिक्षा एकीलाच का? विधवेला पुनर्विवाह नाकारणारे शास्त्र कोणी लिहिले? पुरुषाच्या खोटेपणाची, फसवणुकीची नोंद कुठे होते? त्या केवळ ब्राह्मणांवर बोलून थांबल्या नाहीत. पुनर्विवाहाची बंदी मिरवणाऱ्या कुलीन मराठ्यांनाही त्यांनी सोडले नाही, आणि बूट-टोपी घालून सुधारकीच्या गप्पा मारणाऱ्यांनाही नाही.

पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ५०० प्रती छापल्या गेल्या, किंमत नऊ आणे. वर्तमानपत्रे तुटून पडली. जोतीराव मात्र ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ साली काढलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी या पुस्तकाची बाजू घेतली, ताराबाईंना लेक मानले आणि आपल्याच गोटातल्या टीकाकारांचेही कान उपटले. होय, आपल्याच गोटातल्या. चळवळीतल्या पुरुषांनाही ते पुस्तक झोंबले होते, हे आम्ही मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. पुस्तकही विस्मरणात गेले. ते पुन्हा उजेडात यायला १९७५ साल उजाडले, तेव्हा स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले. म्हणजे नव्वदहून अधिक वर्षे! याउलट जोतीरावांनी त्याच १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन सरकारी दप्तरात छापले गेले, म्हणून ते आज आम्हाला वाचता येते. सरकारने जपलेला कागद टिकला. बाईचा कागद नशिबावर राहिला.

महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ सालीच आणला, देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. नोंदी नीट लावून, सूची करून ठेवाव्यात आणि लोकांनी मागण्याआधीच बरीचशी माहिती जाहीर करावी, असे त्याचे ४ थे कलम सांगते. किती कचेऱ्या ते पाळतात, हे अर्ज घेऊन हेलपाटे घातलेल्या आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) हे कलमच बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे अधिकाऱ्याला पाहावे लागे. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे म्हटले की भागते. सार्वजनिक हिताचे ८(२) कलम शिल्लक आहे असे सरकार म्हणते. ते खरेही आहे, पण ते हित पटवून देण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर येते. बोगस लाभार्थ्यांची यादी मागा, ठेकेदाराचे बिल मागा, गोपनीयतेचा पदर पुढे येणार.

विजयालक्ष्मीचे नाव मात्र गावोगाव छापले गेले. गोपनीयता तेव्हाही होती, ती कोणासाठी होती तेवढे पाहावे.

आमच्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते आणि तिची तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी लागते. किती बैठका झाल्या, किती गुन्हे तपासावर पडून आहेत, किती पीडितांना अर्थसाहाय्य मिळाले, हे त्या बैठकांच्या इतिवृत्तात सापडायला हवे. ताराबाईंचे वडील ज्या दप्तरात बसत, त्याचा आजचा वारस म्हणजे बुलडाण्याची कलेक्टर कचेरी. इतिवृत्ताच्या प्रती तिथेच मागायच्या. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस.