निकोलाचा हट्ट

निकोला टेस्ला याचा जन्म १८५६ साली आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक. मुलाने आपलाच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. थोरला मुलगा बालपणीच अपघातात दगावल्यामुळे त्यांची सारी आशा निकोलावरच खिळली होती. परंतु शाळेत गुरुजींनी दाखविलेल्या विजेच्या प्रयोगांनी निकोलाला वेड लावले होते. वडिलांपुढे मात्र त्याचे काही चालेना.

१८७३ साली शाळा संपवून तो घरी आला आणि लगेच पटकीने अंथरुणास खिळला. नऊ महिने लोटले, तरी उतार पडेना. एके दिवशी त्याची स्थिती फारच खालावली. वडील धावत उशाशी आले व धीर देऊ लागले. तेव्हा क्षीण स्वरात निकोला म्हणाला, की मला यंत्रविद्या शिकू दिलीत, तर कदाचित मी बरा होईन. पित्याचे हृदय द्रवले. जगातील उत्तमोत्तम विद्यालयात तुला पाठवीन, असे वचन त्यांनी तेथेच दिले. निकोला बरा झाला, आणि वडिलांनीही शब्द पाळला.

१८७५ साली तो ऑस्ट्रियातील ग्राट्सच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. तेथे वीजयंत्रातून उडणाऱ्या ठिणग्या पाहून, त्या टाळता येतील, असे त्याने सुचविले. प्राध्यापकांनी भर वर्गात ती कल्पना अशक्य ठरविली. निकोलाने ती सोडली नाही. १८८२ साली बुडापेस्टच्या उद्यानात फिरत असता त्याला एकाएकी उत्तर सुचले. हातातील काठीने त्याने वाळूतच प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या यंत्राची आकृती काढली.