समजून घ्या : थायरॉइड पूर्ण काढली तर काय होते? एका सर्जनला रुग्णांनीच दिले उत्तर

गाठ निघाली, जखम भरली, रुग्ण घरी गेला. स्वित्झर्लंडमधील बर्नचे सर्जन डॉ. थिओडोर कोखर यांना अनेक वर्षे हेच यश वाटत होते.

गलगंडाचा प्रदेश
कोखर यांचा जन्म १८४१ चा, बर्नचाच. १८७२ मध्ये ते तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. आल्प्सच्या भागात माती-पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंडाचे रुग्ण भरपूर. त्या काळी ही शस्त्रक्रिया जिवावर बेतायची. कोखर एकेक रक्तवाहिनी बांधत, स्वच्छता काटेकोर पाळत. त्यांच्याकडचे मृत्यू झपाट्याने घटले.

१८ पैकी १६
१८८२ मध्ये जिनिव्हाच्या डॉ. रेव्हेर्दाँ यांनी अशा रुग्णांत नंतर विचित्र बदल दिसल्याचे सांगितले. कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेले १८ जण तपासले, त्यातील १६ जणांची तब्येत ढासळली होती. चेहरा सुजलेला, बोलणे संथ, सतत थंडी. मुलांची वाढ खुंटलेली.

१८८३ मध्ये कोखर यांनी हे सर्जनांच्या परिषदेत जाहीर केले. साध्या गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. कारण मात्र त्यांनी आधी चुकीचे लावले. श्वासनलिकेला इजा होऊन प्राणवायू कमी पडतो, असे त्यांना वाटले.

खरे कारण काय?
थायरॉइड रक्तातील आयोडीन घेऊन टी-४ आणि टी-३ ही हार्मोन्स बनवते. शरीरातील पेशींच्या कामाचा वेग त्यावर ठरतो. ती कमी पडली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. म्हणून थायरॉइड मंदावली की रिपोर्टमध्ये टीएसएच सहसा जास्त दिसतो. आयोडीनच नसेल, तर टीएसएचच्या रेट्याने ग्रंथी फुगत जाते. हाच गलगंड. आणि ग्रंथीच नसेल, तर टीएसएच कितीही वाढला तरी हार्मोन बनवणार कोण?

पुढे काय झाले?
१८९१ मध्ये इंग्लंडचे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशाच लक्षणांच्या रुग्णाला बरे केले. कमतरता हार्मोनचीच होती. १९०९ मध्ये कोखर यांना नोबेल मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज कर्करोगासारख्या कारणाने संपूर्ण थायरॉइड काढावी लागली, तर रुग्ण रोज थायरॉक्सिनची गोळी घेऊन नेहमीचे आयुष्य जगू शकतो. कोखर यांच्या त्या १६ रुग्णांच्या वेळी अशी गोळी नव्हती.