जाणिवेचे काम काय?

मराठी समीक्षेत ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. मर्ढेकरांच्या १९४२ सालच्या ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीची चर्चा निघाली की तो हमखास येतो. परंतु त्यामागील कल्पना रूढ केली ती कोणा साहित्यिकाने नव्हे, तर हार्वर्ड विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकविणाऱ्या विल्यम जेम्सने. साहित्यिक होता तो त्याचा धाकटा भाऊ, हेन्री!

विल्यमचा जन्म १८४२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सधन कुटुंबात झाला. तो प्रथम चित्रकलेकडे वळला, नंतर रसायनशास्त्राकडे व अखेर वैद्यकाकडे. १८६९ मध्ये त्यास वैद्यकाची पदवी मिळाली. व्यवसाय मात्र त्याने कधीच केला नाही. त्या सुमारास तो खोल विषण्णतेत बुडाला होता. प्रकृती तोळामासा होती हे खरे, परंतु त्याला पोखरीत होता तो एक विचार. मेंदूतील घडामोडी भौतिक नियमांनीच चालत असतील, तर माणसाच्या निश्चयाला अर्थ तो काय? १८७० मध्ये रनूव्हिए या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचे लेखन त्याच्या वाचनात आले आणि इच्छास्वातंत्र्य खरे मानून जगावयाचे, असे त्याने ठरविले. दुखणे त्या दिवशी संपले असे नव्हे. परंतु त्याला उभे राहावयास जागा मिळाली. १८७३ पासून तो हार्वर्डमध्ये शिकवू लागला.

पुढच्याच वर्षी थॉमस हक्स्लेने बेलफास्ट येथील व्याख्यानात प्राणी ही सजाण यंत्रे होत, असे प्रतिपादन केले. इंजिनाची शिटी इंजिन चालवीत नाही, तद्वत जाणीव शरीराला चालवीत नाही, असा त्याचा दाखला होता. जेम्सने १८७९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला, तोही डार्विनच्याच आधाराने. भाजले की वेदना होते, भुकेल्यास अन्न गोड लागते. जाणिवेचा कृतीवर काहीच परिणाम होत नसता, तर भाजणे सुखद आणि अन्न क्लेशदायक वाटूनही प्राणी तसेच जगले असते. हितकर ते बहुधा सुखदच असते, हा मेळ जाणीव निरुपयोगी मानल्यास उलगडत नाही. मानवी मेंदू इतका गुंतागुंतीचा की त्यापुढे अनेक वाटा खुल्या असतात. त्यांतून निवड करणे हे जाणिवेचे कार्य. आम्हा अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांना हे पटकन पटते, कारण आमचे शास्त्रच निवडीवर उभे आहे; निवडणारा कोणी नसेल तर मागणीचा वक्र फळ्यावर काढावयाचा कशासाठी? मद्यही सुखद वाटते, हा आक्षेप उरतो. परंतु त्याने युक्तिवाद लंगडा होतो, कोसळत नाही.

‘मानसशास्त्राची तत्त्वे’ हा ग्रंथ दोन वर्षांत देण्याचा करार त्याने १८७८ मध्ये केला होता. लागली बारा वर्षे. १८९० मध्ये दोन खंड आणि सुमारे चौदाशे पाने छापून झाली. जाणीव ही सुट्या मण्यांची माळ नसून अखंड वाहणारा ओघ आहे, हे त्यात सांगितले आहे. मेंदूतील असंख्य सूक्ष्म जाणिवांची बेरीज म्हणजे मन, हे मतही त्याने तेथे खोडून काढले. बारा जणांना वाक्यातील एकेक शब्द वाटून दिल्याने अख्खे वाक्य कोणाच्याच मनात उतरत नाही, हा त्याचा दृष्टांत वर्गात आजही उपयोगी पडतो.

गंमत अशी की ज्या जाणिवेसाठी तो इतका झगडला, तिचे वस्तू म्हणून अस्तित्वच त्याने १९०४ मध्ये नाकारले. जाणीव ही वस्तू नव्हे, ते एक कार्य आहे, असे त्याचे म्हणणे. अनेकांना ही कोलांटउडी वाटली. मला मात्र तो जुन्याच विचाराचा पुढचा टप्पा वाटतो. काम करते म्हणूनच जी आहे, तिला कामापलीकडे निराळे अस्तित्व कशाला?

१९१० च्या ऑगस्टमध्ये हृदयविकाराने त्याचा अंत झाला. १९८८ मध्ये बर्नार्ड बार्स याने निवडक माहितीचे साऱ्या मेंदूभर प्रक्षेपण म्हणजे जाणीव, असा सिद्धांत मांडला. त्यात जेम्सची निवड पुन्हा दिसते. २००४ मध्ये जूलिओ टोनोनी याने अनुभवाच्या एकसंधतेलाच पायाभूत मानले, म्हणजे प्रश्न पुन्हा त्या बारा जणांचाच. पंचवीस वर्षांत जाणिवेचा मेंदूतील आधार स्पष्टपणे सापडेल, अशी पैज मज्जाशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख याने १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सशी लावली होती. २०२३ मध्ये कॉखने हार मान्य करून मद्याच्या बाटल्या चाल्मर्सच्या हवाली केल्या.