चुकांचा नियम सांगणारे गाऊस

जर्मनी देशात कार्ल फ्रेडरिक गाऊस नावाचे एक थोर गणिती होऊन गेले. त्यांचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी ब्राउन्श्वाइग या गावी एका गरीब घरात झाला. वडील कधी गवंडीकाम करत, तर कधी बागकाम करत. आईचे नाव डोरोथेया. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून मुलाची जन्मतारीख घरात कुठे लिहिलेली नव्हती. एका सणाच्या आठ दिवस आधी, बुधवारी मुलगा झाला, एवढंच तिच्या ध्यानात होतं. तो सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. पुढे मोठेपणी गाऊसांनी त्या वर्षी सण कधी आला होता ते गणिताने काढले आणि आपली जन्मतारीख शोधली.

कार्ल लहानपणापासून हिशेबाला पक्का होता. असं सांगतात की तो तीन वर्षांचा असताना वडील मजुरीचा हिशेब करत होते. त्यात चूक झाली, ती कार्लने दाखवून दिली. शाळेतली गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजींनी १ पासून १०० पर्यंतच्या आकड्यांची बेरीज करायला सांगितली. मुलं पाटीवर एकेक आकडा मिळवत बसली. कार्लने विचार केला, १ आणि १०० मिळून १०१. २ आणि ९९ मिळून पण १०१. अशा ५० जोड्या होतात. म्हणजे उत्तर ५०५०. बाकीची मुलं अजून बेरीजच करत होती, तोवर कार्लची पाटी टेबलावर गेलीसुद्धा!

वडिलांना वाटे, पोराने हाताचं काम शिकावं आणि घराला हातभार लावावा. घरची परिस्थितीच तशी होती. पण आईला मुलाने शिकावं असं वाटे. शाळेत बार्टेल्स नावाचे तरुण मदतनीस होते. ते कार्लपेक्षा आठच वर्षांनी मोठे होते. ते त्याच्याबरोबर बसून गणित करू लागले. या हुशार मुलाची हकिकत तिथल्या राजापर्यंत गेली. राजाने कार्लच्या शिक्षणाचा खर्च दिला. अशा रीतीने गवंड्याचा मुलगा १७९५ साली गटिंगेनच्या विद्यापीठात शिकायला गेला.

१ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील पियाझी नावाच्या शास्त्रज्ञांना आकाशात एक नवीन लहान ग्रह दिसला. त्याचे नाव सेरेस ठेवले. पियाझींनी सुमारे चाळीस दिवस त्याच्या जागा लिहून ठेवल्या. मग तो सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला. आता तो परत कुठे शोधायचा? एवढं मोठं आकाश! मोठमोठे शास्त्रज्ञ हैराण झाले. तेव्हा गाऊस २४ वर्षांचे होते. त्यांनी घरी बसून गणित मांडले आणि सेरेस कुठे असेल ती जागा सांगितली. बाकीच्यांनी सांगितलेल्या जागेपेक्षा ती जागा वेगळी होती. डिसेंबर संपता संपता दुर्बिणीतून पाहिले, तर सेरेस गाऊसांनी सांगितलेल्या जागेच्या अगदी जवळच सापडला. त्यांचे नाव सगळ्या युरोपात झाले. १८०७ साली ते गटिंगेनच्या वेधशाळेचे प्रमुख झाले.

आकाशातले मोजमाप करताना गाऊसांना एक गोष्ट नेहमी दिसे. एकच वस्तू चार वेळा मोजली तर चार वेगळी मापे येतात. कितीही जपून मोजा, थोडा फरक पडतोच. आपण तीस मुलांनी फळ्याची लांबी पट्टीने मोजली तर काय होईल? बरीच मापे खऱ्या लांबीच्या जवळ येतील. थोडी जास्त चुकलेली कमी असतील. फार चुकलेलं एखादंच. आणि जेवढी मापे जास्त भरतील, साधारण तेवढीच कमी भरतील. म्हणून सगळ्यांची सरासरी काढली की खऱ्या मापाच्या जवळ जाता येते.

१८०९ साली गाऊसांनी ग्रह कसे फिरतात यावर लॅटिन भाषेत मोठे पुस्तक छापले. त्यात त्यांनी चुकांचा हा नियम गणितात मांडला. त्याचे चित्र काढले तर देवळातल्या घंटेसारखा आकार होतो. मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता. हा आकार गाऊसांच्याही आधी, १७३३ साली, द मुआव्र नावाच्या गणितींना नाणेफेकीचा हिशेब करताना मिळाला होता. पण मोजमापाच्या चुकांना तो लावून गाऊसांनी त्याचा मोठा उपयोग दाखवला. म्हणून त्याला गाऊसची रेषा असेही म्हणतात.

पुढे गाऊसांनी हॅनोव्हर राज्याची जमीन मोजायचे काम केले. उन्हातान्हात डोंगर चढून ते स्वतः मापे घेत. लांबच्या डोंगरावरची खूण दिसावी म्हणून १८२१ साली त्यांनी आरशाने ऊन परावर्तित करणारे एक यंत्र तयार केले. म्हातारी आई शेवटची बावीस वर्षे त्यांच्याच घरी राहिली. शेवटी तिला डोळ्यांनी दिसत नव्हते. १८३९ साली ती वारली, तोवर गाऊसांनी तिचा सांभाळ केला. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी गाऊसांचे निधन झाले. पुढे १९९१ साली जर्मनीने दहा मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. शेजारी ती घंटेसारखी रेषा पण छापली. २००२ साली तिथे युरोच्या नोटा आल्या आणि मार्क बंद झाले.

आता या रेषेचा आपल्याला काय उपयोग, ते सांगतो. समजा, एका वयाच्या खूप मुलांची उंची मोजली. सरासरी १३० सेंटिमीटर आली. आता सरासरीपासून मुलं किती लांब पसरली आहेत ते मोजायची एक पायरी असते. समजा, ती पायरी ५ सेंटिमीटरची आहे. मग १०० मुलांपैकी सुमारे ६८ मुलं एका पायरीच्या आत असतात, म्हणजे १२५ ते १३५. दोन पायऱ्यांच्या आत सुमारे ९५ असतात. तीन पायऱ्यांच्या आत जवळजवळ सगळीच येतात.

आता गणित असे. १४० सेंटिमीटरपेक्षा उंच मुलं किती? १४० मधून १३० वजा केले, १० उरले. १० ला ५ ने भागले, २ आले. म्हणजे तो मुलगा दोन पायऱ्या वर आहे. या २ ला झेड स्कोअर म्हणतात. दोन पायऱ्यांच्या बाहेर शंभरात पाचच मुलं राहतात. त्यातली निम्मी उंच आणि निम्मी बुटकी. म्हणून १४० पेक्षा उंच मुलं शंभरात दोन किंवा तीन. झालं गणित!

हेच गणित आपल्या अंगणवाडीत पण आहे. तिथे ताई बाळाला वजनकाट्यावर ठेवतात आणि तक्त्यावर ठिपका देतात. तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि केशरी असे पट्टे असतात. ते पट्टे पायऱ्यांचेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने भारत धरून सहा देशांतल्या निरोगी मुलांची मापे घेऊन २००६ साली ही मापे ठरवली. बाळ दोन पायऱ्यांच्या खाली गेलं की ठिपका पिवळ्यात पडतो. तीन पायऱ्यांच्या खाली गेलं तर केशरीत पडतो. चांगलं खाऊनपिऊन असलेल्या हजार बाळांत एखादंच एवढं खाली असतं. म्हणून केशरीत ठिपका आला तर पोर बारीक अंगाचंच आहे असं म्हणून घरी बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं. आणि ठिपका सरासरीच्या थोडा खाली पण हिरव्यात असेल तर घाबरू नये. निम्मी बाळं सरासरीच्या खाली असायचीच.

तर मित्रांनो, माप चुकतं म्हणून मोजायचं सोडू नका. पुन्हा पुन्हा मोजा आणि सगळी मापे खरी लिहा. आणि पालकांनो, ताईंनी बोलावलं की बाळाला वजनाला नक्की न्या. गवंड्याच्या मुलाने शोधलेला नियम आज आपल्या गावच्या बाळांच्या कामी येतो. अशा या थोर गणितीला माझा नमस्कार.

इयत्ता ४ थी