प्रेमचंद रायचंद : राजाबाई टॉवरमागची शेअर बाजाराची गोष्ट



मुंबईतला राजाबाई टॉवर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला हा सुमारे २८० फूट उंचीचा मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्या प्रेमचंद रायचंद यांच्याबद्दल मात्र मुलांना फारसं सांगितलं जात नाही. आज घरोघरी मोबाईलवर शेअरची खरेदी-विक्री चालते. मोठी मुलं ते बघतात आणि प्रश्न विचारतात. त्यांना उत्तर देताना हे चरित्र फार उपयोगी पडतं. चला तर मग, पाहूया.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेच्या एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद व्यापारासाठी मुंबईला आले. प्रेमचंदांनी इथे इंग्रजी शिक्षण घेतलं आणि १८४९ च्या सुमारास एका दलालाच्या हाताखाली कामाला सुरुवात केली. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारे ते पहिले देशी शेअर दलाल मानले जातात. इंग्रज बँकवाल्यांशी ते थेट बोलू शकत. बघा, भाषेचं ज्ञान माणसाला कुठल्या कुठे नेतं! थोड्याच वर्षांत शेअर, कापूस आणि सोने-चांदीच्या व्यवहारात त्यांचा दबदबा निर्माण झाला.

आता जरा नकाशा उघडा आणि मुलांना अमेरिका दाखवा. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यांनी मोर्चा भारताकडे वळवला. कापसाचे भाव कितीतरी पटींनी वाढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला.

एवढा पैसा ठेवायचा कुठे? रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्रात भराव घालून जमीन तयार करणारी बॅकबे कंपनी त्यातली सर्वांत गाजलेली. तिच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरची किंमत ५०,००० रुपयांच्याही वर गेली. अजून समुद्र भरून झालेला नव्हता, तरी किंमत दहापट! नव्या कंपनीचे शेअर कुणाला मिळणार, यात प्रेमचंदांचा शब्द चाले. त्यामुळे त्यांच्या पेढीवर लोकांची रीघ लागे.

खरी गोम पुढे आहे. बँक ऑफ बॉम्बे ही त्या काळची प्रतिष्ठित बँक, तिच्यात सरकारचाही वाटा होता. १८६३ साली तिचे नियम बदलले आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे शेअरवर कर्ज काढायचं, त्या कर्जातून पुन्हा शेअर घ्यायचे, त्यामुळे भाव वाढायचा आणि वाढलेल्या भावावर आणखी कर्ज! प्रेमचंदांचं या बँकेत मोठं वजन होतं. त्यांना व त्यांच्या शब्दावर इतरांना पुरेशा तारणाशिवायही कर्जं मिळाली. शिवाय मुदतीचे सौदे होतेच. आज भाव ठरवायचा, पैसे मात्र पुढच्या तारखेला द्यायचे. हातात पैसा नसलेली माणसंही त्यात उतरली.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं. ती बातमी मुंबईत पोहोचली आणि कापसाचे भाव कोसळले. असंख्य मुदतीचे सौदे १ जुलै १८६५ या दिवशी पुरे व्हायचे होते. त्या दिवशी पैसे द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. एकाने दुसऱ्याचे बुडवले, दुसऱ्याने तिसऱ्याचे. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. पुढे ती बँकच बुडाली आणि १८६८ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. प्रेमचंदांची पेढीही यात कोसळली. त्यांच्यावर टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची होती असं म्हणता येणार नाही.

मग अशा माणसाचं चरित्र मुलांना का सांगायचं? एक तर तेजीच्या काळात, १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला आई राजाबाईंचं नाव द्यावं, अशी त्यांची इच्छा होती. तो मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी मोठी देणगी दिली. तिच्यातून सुरू झालेली शिष्यवृत्ती पुढे इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्यासारख्यांना मिळाली. दुसरं म्हणजे, सर्वस्व गेल्यावरही ते पुन्हा धंद्यात उभे राहिले. १९०६ मध्ये त्यांचं निधन झालं.

आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. टाऊन हॉलजवळच्या झाडाखाली सौदे करणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदांचं नाव अग्रभागी घेतलं जातं. हाच आजचा मुंबई शेअर बाजार. सरकारी कायदे मात्र सावकाश आले. देशभरासाठी रोखे करार नियमन कायदा १९५६ साली झाला. सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली आणि तिला कायद्याचे अधिकार मिळाले ते १९९२ मध्ये. आज कर्ज काढून शेअर घेण्यावर मर्यादा आहेत, सौद्याआधी ठरावीक रक्कम भरावी लागते. मुलांना हे नियम कंटाळवाणे वाटतील. पण १८६५ साली ते नव्हते म्हणून काय झालं, हे आता तुम्ही सांगू शकाल.

वर्गात करून घेण्यासाठी एक गणित : २,८५० चे ८७ झाले, तर शेकडा घट किती? उत्तर येतं जवळजवळ ९७. त्यानंतर मुलांना विचारा, की हा शेअर ज्याने कर्ज काढून घेतला होता, त्याच्याकडे शेवटी काय उरलं? पालकहो, हाच प्रश्न घरीही विचारून बघा. उत्तर मुलांनाच शोधू द्या.